माळ्यावर सापडलेली भोकाची तांब्याची वाटी - ही नक्की कशाची? (जुन्या अनोळखी वस्तू ओळखूया)

राजापूरकरीण
नमस्कार मंडळी. यंदा गणपतीला चार दिवस आधीच गावी गेलो आणि माळा साफ करायला घेतला, पणजोबांपासूनचं सामान आहे तिथे आणि बाबा गेल्यापासून कोणी हातच लावला नव्हता. पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या उपरण्यात गुंडाळलेली एक तांब्याची वाटी मिळाली. फोटो टाकलाय पण अंधारातला आहे म्हणून लिहूनही सांगते. तोंडाशी साधारण १२ सेंमी, खोली ५ सेंमी, किचनच्या काट्यावर १५० ग्रॅमच्या आसपास. पत्रा पातळ. बूड सपाट नाही, गोल आहे, खाली ठेवली की कलंडते. कडी नाही, कान नाही, दांडा नाही. आणि बुडाला बरोब्बर मधोमध एक भोक, इतकं बारीक की आधी दिसलंच नाही, खिडकीकडे धरली तेव्हा उजेडाचा ठिपका दिसला.

घरात सगळे म्हणतायत फुटकी आहे, मोडीत दे. पण फुटकी वाटी कोणी उपरण्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवेल का हो? मला ते पटत नाहीये.

त्याच ट्रंकेत पितळेची आणखी एक वस्तू होती, मुठीत मावेल एवढी, वर मोर, खालचा भाग किसणीसारखा खरखरीत, हलवली की आत खुळखुळतं. ही पण कशाची ते सांगा.

बेलाचं_पान
वाटी म्हणजे अभिषेकाची गळती. आमच्या गावी शंकराच्या देवळात पिंडीवर टांगलेली असते, त्यात पाणी भरलं की संततधार चालू. भोक म्हटलं की गळतीच, दुसरं काही नाही.

सुगरणआजी
मोरवाली आहे ती वज्री गं! पाय घासायची. न्हाणीघरात असायची, टाचांना भेगा पडल्या की तिने घासायचं. आत खडे असतात म्हणून वाजते. आमच्याकडे बदकाची होती, आईच्या माहेरून आलेली, भावाने ती पेपरवेट म्हणून वापरली कित्येक वर्ष. मोडीत अजिबात देऊ नकोस. वाटीचं मला कळत नाहीये, आमच्याकडे अशी कधी बघितली नाही.

राजापूरकरीण
आजी खूप खूप धन्यवाद! वज्री हा शब्द ऐकला होता पण वस्तू आज कळली.

बेलाचं_पान, मला पण आधी तेच वाटलं, पण गळतीला टांगायला कड्या लागतात ना? हिला काहीच नाही. आणि बूड गोल असल्यामुळे तिवईवरही नीट बसेना, करून बघितलं.

पेठेतला_माणूस
पुण्याच्या केळकर संग्रहालयात जाऊन या एकदा, बाजीराव रोडजवळ. दिनकर केळकरांनी गावोगावी फिरून अशा वस्तू जमवल्या, अडकित्ते, दिवे, वज्र्या, स्वयंपाकाची भांडी, वीस हजारांच्या घरात संग्रह आहे आणि मुलाच्या, राजाच्या आठवणीसाठी त्याचं नाव दिलंय. नुसत्या अडकित्त्यांसमोर मी अर्धा तास उभा होतो. ज्या वस्तू लोकांनी भंगारात काढल्या असत्या त्या त्यांनी जपून ठेवल्या याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

ठोक्याचं_काम
आमचं घराणं तांब्याच्या कामातलं, लहानपण सगळं तांबट आळीतल्या ठकठकीत गेलं, म्हणून धातूच्या बाजूने लिहितो. ताई, चार गोष्टी बघा. १) भोकाची कड. झिजून पडलेलं भोक वेडंवाकडं असतं, कडेचा पत्रा कागदासारखा पातळ होतो आणि ते बहुतेक वेळा मधोमध नसतं, जिथे चुलीची आच जास्त किंवा घासणं जास्त तिथे पडतं. २) भोकाभोवती बोट फिरवा, पत्रा बाकी वाटीपेक्षा जाड लागतोय का. ३) बाहेरून काजळी किंवा आतून कल्हईची खूण आहे का. ४) काठ. काठ दुमडलेला आहे की नुसताच सरळ कापलेला.

राजापूरकरीण
दादा बघितलं सगळं. भोक एकदम गोल, मोबाईलने झूम करून पण गोलच. बोट फिरवलं तर मधोमध पत्रा किंचित जाड लागतोय, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या भागात. काजळी नाही, कल्हई नाही. काठ दुमडलेला नाही, सरळ.

ठोक्याचं_काम
मग ही मुद्दाम केलेली वस्तू आहे. भोक पाडायचंच होतं म्हणून कारागिराने मधे पत्रा जाड ठेवलाय, नाहीतर भोकाची कड टिकत नाही. आणि काठ न दुमडता सोडलाय म्हणजे वजन मोजून मापून ठेवायचं होतं. स्वयंपाकाचं किंवा पूजेचं भांडं असतं तर काठ दुमडला असता, हाताला लागतो ना.

पंचांगवाले_काका
ताई, ते घटिकापात्र आहे. माझी जवळजवळ खात्री आहे. एक विचारतो, तुमच्याकडे पूर्वी भिक्षुकी होती का, किंवा गावचं जोशीपण?

हे पाणी भरायचं भांडंच नाही, हे पाण्यात सोडायचं भांडं आहे. मोठ्या घंगाळात पाणी घ्यायचं आणि ही रिकामी वाटी त्यावर अलगद ठेवायची. खालच्या भोकातून पाणी आत येत राहतं, वाटी भरत जाते आणि एका क्षणी बुडते. सोडल्यापासून बुडेपर्यंतचा वेळ म्हणजे एक घटिका. गळतीत पाणी बाहेर जातं, यात आत येतं, फरक हा. दिवसरात्र मिळून ६० घटिका, म्हणजे एक घटिका २४ मिनिटांची. घटिकेची ६० पळं, एक पळ २४ सेकंदांचं. अडीच घटिका म्हणजे आपला एक तास आणि दोन घटिका म्हणजे एक मुहूर्त, ४८ मिनिटं. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात हे यंत्र अगदी असंच सांगितलंय, बुडाला छिद्र असलेलं तांब्याचं पात्र स्वच्छ पाण्यात ठेवलं की अहोरात्रात ६० वेळा बुडतं.

कड्या नाहीत, बूड गोल आहे, काठ सरळ आहे, तांबट दादांनी सांगितलेलं सगळं यात बसतं. पण वाद घालण्यापेक्षा पाण्यात सोडून बघा आणि मोबाईलवर वेळ लावा. २४ मिनिटांच्या आसपास बुडली तर प्रश्नच मिटला.

राजापूरकरीण
काका अंगावर काटा आला वाचून. हो, पणजोबा गावचे जोशी होते, लग्नामुंजीचे मुहूर्त तेच काढून द्यायचे असं बाबा सांगायचे. उद्या करून बघते आणि लिहिते.

गोधडी
ताई प्लीज एक ऐका, काहीही करा पण त्या भोकात सुई घालू नका!! आमच्याकडेही होती अशीच, माझ्या आजोबांची. आम्हाला ती काय आहे हे माहीत होतं, काकांनी कौतुकाने पाण्यात सोडली तर अर्धा तास झाला तरी बुडेना. भोकात घाण अडकलीये म्हणून मी गोधडीची सुई घालून फिरवली. भोक साफ झालं पण मोठंही झालं. आता ती १७ मिनिटांत बुडते आणि ते परत लहान करता येत नाही. पिढ्यान् पिढ्या बरोबर चाललेली वस्तू माझ्या हातून गेली, अजून वाईट वाटतं मला.

इंजिनिअरबुवा
गोधडी म्हणतायत ते अगदी बरोबर आहे, त्याचं गणित देतो. आत येणारं पाणी भोकाच्या क्षेत्रफळावर अवलंबून आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर, म्हणजे भोकाचा व्यास फक्त १० टक्के वाढला तर २४ मिनिटांची वाटी २० मिनिटांवर येते. ताईंच्या मापावरून मी ढोबळ हिशोब केला, वजन १५० ग्रॅम, तोंड १२, खोली ५, तर २४ मिनिटं यायला भोक साधारण पाऊण मिलिमीटरचं हवं. त्याचे १० टक्के म्हणजे केसाएवढा फरक. सुई एकदा फिरवली की झालं!

आणि ह्या रचनेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. टाकीला खालून भोक पाडून पाणी बाहेर सोडलं तर टाकी रिकामी होत जाते तसा पाण्याचा जोर कमी होत जातो, म्हणजे सुरुवातीला भराभर आणि शेवटी थेंबथेंब, वेळ मोजायला त्रासदायक. तरंगणाऱ्या वाटीत तसं होत नाही, वाटीच्या वजनाएवढं पाणी तिला बाहेर सारत राहावं लागतं त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीत शेवटपर्यंत फरक राहतो आणि पाणी आत येतच राहतं. शिवाय शेवट कळायला डोळे ताणावे लागत नाहीत, वाटी स्वतःच बुडून सांगते. ज्याने हे पहिल्यांदा शोधलं त्याला साष्टांग.

बेलाचं_पान
काका, मी गळती म्हणून ठाम सांगितलं होतं, कड्यांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नाही. आता मलाही घटिकापात्रच वाटतंय. ताई पाण्यात कधी सोडताय?

परदेशी_पाहुणा
सगळे इथे आहेत म्हणून माझंही विचारून घेतो. मी न्यू जर्सीत असतो, इथे एका जुन्या वस्तूंच्या दुकानात इंडियन कँडल होल्डर म्हणून लिहिलेली एक वस्तू घेतली. लाकडाचा जाड पेला, वर पसरट आणि खाली निमुळता, कडेला पितळी पट्टी ठोकलेली. आत तळाला तीन भोकं, ती सरळ खाली न जाता तिरकी तीन बाजूंना बाहेर निघतात. मेणबत्ती लावायची असेल तर भोकं कशाला? मेण गळून जाईल.

काळी_माती
पाहुणे ते चाडं हाय तिफणीचं! पेरणीचं. तीन भोकं म्हंजे तीन नळे, नळ्याचं वरचं टोक चाड्यात आन् खालचं फणात. बैल तिफण वढतात आन् मागं चालणारी बाई वटीतलं बी मुठीनं चाड्यात सोडत जाते, ते तिन्ही नळ्यांतून सारखं वाटून तीन ओळीत पडतं. मूठ सारखी पडली पाहिजे, कमीजास्त झाली का उगवल्यावर समद्या गावाला दिसतं. माझ्या मायची मूठ अशी होती की लोकं बलावून न्यायचे. पेरणी सुरू झाली की आम्ही म्हंतो चाड्यावर मूठ धरली, पेपरात बी तसंच येतं. आमच्या घरी बाभळीचं चाडं होतं, आत बोट घालून पाहा, भोकाच्या कडा बियानं घासून गुळगुळीत झाल्या असतील. मेणबत्ती लावू नका त्यात राजेहो, लक्ष्मी हाय ती.

परदेशी_पाहुणा
दादा, कडा खरंच गुळगुळीत आहेत, आत्ताच बोट घालून बघितलं. चाड्यावर मूठ हा शब्द दर जूनमध्ये ऑनलाईन पेपरात वाचतो आणि चाडं माझ्याच शेल्फवर आहे हे कळलं नव्हतं. मेणबत्ती काढली. ज्वारीचे दाणे घेऊन मुलीला दाखवतो आज.

राजापूरकरीण
मंडळी केलं!! सगळं नीट सांगते.

घंगाळ गावीच आहे त्यामुळे इथे मोठं स्टीलचं पातेलं घेतलं, त्यात फिल्टरचं पाणी. पंखा बंद, वाऱ्याने हलायला नको म्हणून. वाटी अलगद सोडली. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटलं, मग आत वाकून बघितलं तर तळाला एक पाण्याचा इवलासा मणी उमलल्यासारखा दिसत होता आणि भोकातून आत येणारी धार एवढी बारीक की पाणी नुसतं थरथरत होतं. मुलगा दर मिनिटाला ओरडत होता. २४ मिनिटं झाली तरी नाही, २८ नाही, ३१ मिनिटांना बुडली. एवढा हिरमोड झाला सांगू.

पण गोधडीताईंचं वाचलेलं होतं म्हणून सुई घेतली नाही. तांबट दादांना व्यनि (खाजगी निरोप) केला, ते म्हणाले कोमट पाण्यात चिंच कोळून त्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी नळाच्या धारेखाली उलटी धरा, बाकी काही नको. तसं केलं. सकाळी पाण्यात बारीक हिरवट कण दिसले.

परत सोडली. २४ मिनिटं २० सेकंद. परत, २४ मिनिटं ५ सेकंद. तिसऱ्यांदा २४ मिनिटं १० सेकंद.

शेवटी काय होतं ते लिहिते कारण ते बघण्यासारखं आहे. काठ पाण्याच्या बरोबरीला येतो तेव्हा पाणी लगेच आत येत नाही, काठाभोवती फुगून थांबतं, वाटी जणू श्वास धरून आहे अशी. आणि मग एका बाजूने पाणी आत शिरतं आणि डुबुक करून वाटी खाली, तळाला लागल्याचा टण्ण आवाज. तिसऱ्या वेळेला आम्ही चौघेही पातेल्याभोवती गप्प बसलो होतो, ज्यांनी मोडीत द्या म्हटलं होतं ते पण.

पंचांगवाले_काका
वा वा वा! ताई, १० सेकंद म्हणजे अर्ध्या पळापेक्षाही कमी चूक, आणि तीही भोकात अजून थोडं किटण असेल म्हणून. पणजोबांनी वस्तू नीट सांभाळली होती.

आता हे वापरायचं कसं ते लिहितो. घटिकापात्र घड्याळासारखं किती वाजले ते सांगत नाही, अमुक क्षणापासून किती वेळ गेला ते सांगतं. म्हणून सुरुवातीचा क्षण पक्का लागतो आणि तो सूर्याचा. दिवसाचा मुहूर्त असेल तर उगवताना अर्धं बिंब दिसलं की, आणि संध्याकाळनंतरचा असेल तर मावळताना अर्धं बिंब बुडालं की पात्र पाण्यात सोडायचं. मुहूर्त सूर्योदयापासून १२ घटिका ३० पळं असा काढलेला असला की बारा वेळा बुडू द्यायचं आणि तेराव्या वेळी अर्धं. पात्र पाण्यात कुठल्या दिशेला सरकतं त्यावरून शकुनही बघत. पंचांगात तिथी-नक्षत्राची समाप्ती अजूनही घटी-पळांत छापतात, शेजारी तास-मिनिटं असतात म्हणून आपण तिकडे बघत नाही एवढंच.

लीलावतीची गोष्ट माहीत असेल सगळ्यांना. भास्कराचार्यांच्या मुलीच्या लग्नाला असंच पात्र मांडलं होतं, ती वाकून बघायला गेली आणि दागिन्यातला मोती पात्रात पडून भोकावर बसला, पाणी यायचं थांबलं आणि मुहूर्त टळला. ती आख्यायिका आहे, अकबराच्या दरबारातल्या फैजी कवीने भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं (१५८७) त्यात ती येते. पण ताईंचं भोक बघितल्यावर कळतं की गोष्ट रचणाऱ्याला हे यंत्र नीट माहीत होतं, खरंच एक मोती पुरे!

शब्दवेडी
भाषेत किती उरलंय बघा हे सगळं. घटकाभर बस, घटकेत हसते घटकेत रडते, शेवटच्या घटका मोजतोय. घटका भरली म्हणतो ते वाटी भरली म्हणूनच. घड्याळ शब्दात घटिकाच आहे. आणि तास म्हणजे मूळ काशाची थाळी, टोले द्यायची. पात्र बुडालं की थाळीवर टोला. बाबराने सुद्धा आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातले घड्याळवाले आणि त्यांची टोल्याची थाळी यांचं वर्णन केलंय. वस्तू गेली, थाळी गेली, आणि आपण अजून तासावर तास लेक्चर ऐकतोय :)

सुगरणआजी
ताई घरात कोणी जुनं माणूस आहे का गं? असेल तर लगेच फोन कर. ही असली माहिती पुस्तकात मिळत नाही, आणि माणसं थांबत नाहीत. माझ्या सासूबाईंना विचारायचं विचारायचं म्हणत राहिले आणि दोन मापांची नावं विचारायची राहून गेली. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली एवढी मला येतात, दोन अधोल्यांची पायली, पण चिपट्याच्या खालची दोन लहान मापं डब्यात तशीच पडून आहेत.

पंचांगवाले_काका
आजी, कोष्टकात चिपट्याखाली कोळवं आणि त्याच्याखाली निळवं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं. पाणी भरून मोजून बघा, दुप्पट-दुप्पट येत असेल तर तीच.

सुगरणआजी
निळवं! हो हो, निळवं! हाच शब्द. तांदूळ भरून बघितले, मोठ्यात लहान बरोबर दोनदा मावतं. काका फार बरं वाटलं. दोन्हींना दोऱ्याने नाव बांधून ठेवते.

राजापूरकरीण
आजींचं ऐकून कालच आत्याला फोन केला, बाबांची सगळ्यात मोठी बहीण, ८८ वर्षांची, सांगलीला असते. ऐकू कमी येतं म्हणून व्हिडिओ कॉलवर वाटीच दाखवली. एक क्षण बघत राहिली आणि म्हणाली, अगो ही अप्पांची घटका! कुठे मिळाली तुला? (अप्पा म्हणजे माझे पणजोबा.)

मग अर्धा तास बोलत होती. ज्याच्या घरी लग्न त्याच्याकडे अप्पा ही उपरण्यात गुंडाळून न्यायचे, दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचे नाहीत. घंगाळ त्या घरचं. वाटी बुडली की अप्पा काढून पुसून परत सोडायचे आणि भिंतीवर कुंकवाचं एक बोट ओढायचे. पण अप्पांना बाकीचे विधी असायचे, म्हणून घंगाळाशी बसायला एक पोर लागायचं, आणि आत्या आठ-नऊ वर्षांची असताना ते काम तिचं होतं. डोळा काढायचा नाही, बोलायचं नाही, बुडली की मोठ्याने घटका बुडाली म्हणायचं. एका लग्नात तिला डुलकी लागली आणि टण्ण आवाजाने जाग आली, आपण किती वेळ झोपलो याची भीती वाटली पण आवाज झाला म्हणजे आत्ताच बुडली हे तिला कळलं आणि तिने ओरडून सांगितलं. हे तिने आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं म्हणे!

आणि घरी आल्यावर अप्पा वाटी कोमट पाण्यात घालून पालथी वाळत ठेवायचे, भोकाला कधी काही लावू द्यायचे नाहीत.

वैशाखात आत्याच्या नातीचं लग्न आहे. मुहूर्त मोबाईलवरच बघणार सगळे, पण घंगाळ मांडायचं ठरलंय आणि आत्या शेजारी खुर्ची टाकून बसणार आहे. वाटी परत त्याच उपरण्यात गुंडाळली, आत चिठ्ठी ठेवली: घटिकापात्र, २४ मिनिटं, सुई घालू नये.

गोधडी
ताई, शेवटच्या ओळीसाठी मनापासून धन्यवाद. लग्नाचा व्हिडिओ टाका इथे, बुडतानाचा आवाज ऐकू येईल असा.